घोळक्यातला आवाज

“कॅमेरा बंद कर, मग गाते,” नसरीन म्हणाली.

कस्तुरीने कपाळाला हात लावला. नसरीनच्या देशात बाईने चारचौघांत गाणं हा गुन्हा होता. असा गुन्हा केलेल्या बायकांवर कस्तुरी माहितीपट करत होती, ऑफिसच्या सगळ्या सुट्ट्या त्यात घालून. आणि त्यात गाणंच नाही म्हणजे काय? पण नसरीनचंही चूक नव्हतं. ती इथे तोक्योत सुखरूप होती, धाकटी बहीण मात्र तिकडेच अडकलेली. चेहरा झाकता आला असता. आवाज कसा झाकणार? कुणी ओळखला, तर पोलीस थेट बहिणीच्या दारात.

“मला गायचंय गं,” नसरीन तोडक्यामोडक्या जपानीत म्हणाली. कस्तुरीची जपानीही तसलीच, म्हणून तर दोघींचं जमायचं. “पण तिच्या जिवावर नाही.”

तोक्योतल्याच निशी-कसाई भागातल्या घरी आल्यावर कस्तुरीने सगळं सासूबाईंच्या कानावर घातलं. प्रभावतीबाई इथल्या मराठी बायकांना मंगळागौरीचे खेळ शिकवायच्या. मटार सोलता सोलता त्या म्हणाल्या, “एवढंच ना? आण तिला आमच्यात. बायका एकदा फेर धरून गायला लागल्या, की कुठला आवाज कुणाचा, हे नवऱ्याच्या बापालाही कळत नाही!”

रविवारी हॉलमध्ये तालीम सुरू झाली. गाणं नसरीनच्या भाषेतलं. त्या बायकांतल्या कल्पनाने ते मोबाइलवर देवनागरीत उतरवून घेतलं, तरी सगळ्याजणींनी मिळून उच्चारांची पार वाट लावली. नसरीन पोट धरून हसली. किती दिवसांनी ती अशी हसत होती! मग तिने एकेक ओळ चिकाटीने बसवून घेतली. प्रभावतीबाईंचं लक्ष मात्र एकाच गोष्टीकडे. “कस्तुरी, सांग तिला, आवाज वर येतोय. मिसळ म्हणावं आमच्यात.”

नसरीन मिसळत गेली. शेवटी डोळे मिटून ऐकणाऱ्या कस्तुरीलाही ती वेगळी सापडेना, तेव्हा कुठे तिने कॅमेरा सुरू केला. चित्रात नुसती पावलं घेतली. नऊवारीतली, फेर धरणारी. त्यातली दोन नसरीनची.

माहितीपट इंटरनेटवर आला आणि नसरीन सारखी तिकडे फोन लावत राहिली. बहिणीचा फोन लागत नव्हता. कस्तुरीला वाटायला लागलं, कशाला आपण या फंदात पडलो?

पुढच्या तालमीत फोन वाजला. गाणं थांबलं. नसरीन कोपऱ्यात जाऊन बोलली, आणि मग वळून सगळ्यांना म्हणाली, “ती ठीक आहे. कुणीच ओळखलं नाही.”

हॉलभर टाळ्या पडल्या. बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. प्रभावतीबाईंनी आनंदाने आपलीच पाठ थोपटून घेतली. “बघ, म्हटलं नव्हतं?”

नसरीन मात्र फोन कानाला लावून तशीच उभी होती. कस्तुरी जवळ गेली. “काय झालं गं? आणखी काय म्हणतेय?”

“रडतेय,” नसरीन म्हणाली. “विचारतेय, ‘ताई, इतक्यांदा ऐकलं. यात तू कुठे आहेस?’”