खाल्ल्या मिठाला

समुद्रकाठच्या त्या बंगल्याचे मालक बदलत गेले, राखणीचं कुत्रं मात्र तेच राहिलं. पहिल्या मालकाला त्याच्या भागीदाराने गच्चीवरून खालच्या खडकांवर ढकलून दिलं. भागीदाराचं डोकं त्याच्या सख्ख्या पुतण्याने जिन्यातच कुऱ्हाडीने फोडलं. कुत्रं भुंकू नये म्हणून पुतण्याने आधी कितीतरी दिवस त्याला चोरून मटण चारलं होतं. तेही खाल्ल्या मिठाला जागलं, हूं की चूं केलं नाही.

आता बंगला पुतण्याचा. आज त्याने पुढे ठेवलेल्या मटणाकडे कुत्र्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

"काय रे लबाडा, पोट भरलंय वाटतं?" तो हसला. मग हसता हसता तो थबकला. "कोणी चारलं तुला?"

कुत्रं त्याच्या पाठीमागच्या दाराकडे बघून शेपूट हलवायला लागलं.