दहावा हात

मुलांनो, अशी कल्पना करा की एकाचं भाजणं दहा जणांना वाटून घेता येतं.

प्रशिक्षण केंद्राच्या वर्कशॉपमध्ये शिकणाऱ्या रोशननं ऑक्सिजनच्या नळीनं कपड्यांवरची धूळ उडवली. तेवढ्यात वेल्डिंगची ठिणगी पडली आणि ऑक्सिजन मुरलेला त्याचा शर्ट भडकला. डहाके सरांनी ब्लँकेट टाकून आग विझवली, पण छातीची कातडी सोलून निघाली होती. सरांनी प्रथमोपचाराच्या पेटीतला पट्टा त्याच्या दंडाला बांधला. जो पट्टा धरील त्याचा तळहात भाजायचा आणि तेवढी जखम रोशनच्या अंगावरून उतरायची. सरांनी धरला, मग आठ पोरांनी किंचाळत धरला. मांस जळल्याचा वास सुटला.

“अजून एक हात! नाहीतर जातोय हा!” सर ओरडले.

वर्गात उरली होती एकटी प्रणिता. कालच रोशननं तिची वेणी व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळली होती आणि सगळी पोरं खदखदून हसली होती.

“ती नाही धरायची, सर,” रोशन कण्हला.

“गप रे, शहाण्या!” प्रणिता म्हणाली.

उद्या फायलिंगची, कानशीनं लोखंड घासायची परीक्षा होती, उजवा हात लागणार होता. प्रणितानं डाव्या हातातला मोजा काढला आणि पट्टा घट्ट धरला.