सोबतीचं डोकं

हेमांगीच्या मेंदूत गाठ होती. ती कुठल्या जातीची, हे कळायला आता कवटी उघडून तुकडा काढावा लागत नसे. शस्त्रक्रियेआधी एमआरआय यंत्रच ते सांगे. फक्त ताडून पाहायला सख्ख्या भावंडाचं निरोगी डोकं लागे. धाकटा निरंजन त्यासाठी चिपळूणहून हौसेने आला होता. "ताई, आपल्या घरात एवढं रिकामं डोकं दुसरं नाही," म्हणत तो यंत्रात शिरला होता.

डॉक्टर तांबोळींनी दोघांना समोर बसवलं. "हेमांगीताई, तुमच्या गाठीची जात कळली नाही. यंत्राने सोबतीचा नमुना बाद केला."

सकाळपासून हेमांगीने धीर धरला होता. आता तिची सगळी भीती रागावाटे बाहेर पडली. ती भावावर बोट उगारून ओरडली, "हललास ना रे? लहानपणापासून मेलं एक मिनिट स्वस्थ बसवत नाही तुला! आज तरी गप पडून राहायचंस, माझ्या जिवाचा प्रश्न होता!"

निरंजन ओशाळला. "चुकलं, ताई. नाक खाजत होतं जरा. डॉक्टर, मी परत आत जातो. या वेळी अगदी दगडासारखा पडून राहतो."

"ते हलले नव्हते," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "चित्रं अगदी स्वच्छ आली. म्हणूनच त्यांचीही गाठ दिसली."

हेमांगीचं उगारलेलं बोट तसंच राहिलं.

"तुम्हाला आणखी एखादं भावंड आहे का?" डॉक्टरांनी विचारलं. "आता ते दोघांसाठी लागेल."