नांद्रुकाचा घेर

गच्चीवर अकरा कुंड्या होत्या. नऊ शोभेच्या, एक तुळशीची आणि अकरावीत पितांबररावांचा नांद्रूक, वडाच्या जातीचं बोन्साय. उंची बावीस इंच. वर सात फांद्या, तळाशी एकच, मोकाट वाढलेली, झाडाहून लांब.

ती मुद्दाम सोडली होती. शेंडा छाटायचा आणि खालची फांदी वाढू द्यायची, म्हणजे बुंधा तळाशी जाड आणि वर निमुळता होतो. मग ती फांदी करवतीने काढायची. दीपनगरच्या वीजकेंद्रात, प्रयोगशाळेत काम करणाऱ्या पितांबररावांनी हे बायकोला, सुनंदाबाईंना नीट समजावलं होतं.

शहाऐंशी साली त्यांच्या लेकीने, लताने स्वतःच्या मनाने लग्न केलं आणि ती धुळ्याला गेली. महिनाभर घरात तिचा विषय निघाला नाही. मग एका सकाळी कुंडीपाशी बसून ते म्हणाले, "बुंध्याचा घेर तीस सेंटिमीटर झाला की फांदी कापीन. झाड घेऊन दोघं लताकडे जाऊ. तोवर तू एकटीनेही जायचं नाही."

तेव्हा घेर एकवीस होता. दर एक तारखेला ते टेप लावत आणि आकडा सांगत.

पहिल्याच वर्षी सुनंदाबाईंकडून चूक झाली. तुळशीच्या मंजिऱ्या खुडता खुडता, हाताच्या सवयीने, त्यांनी त्या फांदीचे कोंबही खुडले. झाड डेरेदार होईल असं त्यांना वाटलं. पितांबरराव रागावले नाहीत. झाड दोन वर्षं मागे गेलं, एवढंच म्हणाले.

तेव्हापासून त्या शेणखत घालत, कुंडी उन्हाकडे फिरवत. शेजारच्या इंदिराबाई चिडवत, "भाऊ, तुमचं झाड वाढेस्तोवर आमच्या रावेरला केळीच्या चार बागा निघाल्या." पितांबरराव नुसते हसत. आकडा सव्वीस झाला, मग सत्तावीस. लताला मुलगी झाल्याचं पत्र आलं, त्या महिन्यात साडेसत्तावीस. पुढच्या वर्षीही साडेसत्तावीसच.

ब्याण्णवच्या एक मार्चला त्यांनी अठ्ठावीस सांगितलं. बारा तारखेला ते ड्यूटीवर असतानाच वारले.

लता आली. दिवसकार्य झाल्यावर सुनंदाबाई तिला गच्चीवर घेऊन गेल्या.

"मी कोंब खुडले नसते तर ते तुझ्याकडे आले असते गं," त्या म्हणाल्या. "दोनच सेंटिमीटर राहिले होते."

लताने खिडकीतला टेप आणला. बुंध्याभोवती गुंडाळला. सोडला, पुन्हा गुंडाळला.

साडेचौतीस.