काजूचा ताल

रसिकाबाईंनी सूत्राचा अर्धा भाग म्हटला आणि पडद्याकडे पाहिलं. काळे चौकोन, खाली नावं.

"पुढे काय?"

कुणी बोललं नाही.

आजही मुलं गप्प राहिली, तर उद्यापासून हा थेट वर्ग बंद करायचा आणि नुसते व्हिडिओ पाठवायचे, असं त्यांनी ठरवलं होतं. गावोगावची आठवीची पोरं. भिंतीला किती शिकवायचं?

काल देवळात भजनाच्या वेळी बुवांनी ओळ अशीच अर्धी सोडली होती, तर अख्ख्या मंडपानं ती उचलली. आठवलं आणि बाई थबकल्या. बुवांनी मंडपाची तोंडं बांधली नव्हती. इथे मात्र गलका नको म्हणून वर्ग सुरू होताच सगळ्यांचे माईक त्या स्वतःच बंद करत.

"माईक उघडा रे सगळ्यांनी."

एकदम बाजार भरला. कुकरची शिट्टी, कुणाच्या तरी आजीच्या हाका, आणि एक कोंबडा.

"हा कुणाकडचा गं बाई?"

"आमचा, बाई," ऋत्विक म्हणाला. "पण रविवारपर्यंतच हां."

काळे चौकोन हसले. हसू ओसरलं तेव्हा मागे एक आवाज उरला. खट्ट. खट्ट. आणि तो लगेच बंद झाला. मनस्वीच्या माईकवर पुन्हा फुली आली होती. लांज्याची ही मुलगी आजवर एकदाही बोलली नव्हती.

"मनस्वी, काय वाजत होतं गं?"

फुली गेली.

"आई काजू फोडते, बाई. एकच खोली आहे आमची. म्हणून मी माईक लावतच नाही."

"राहू दे चालू. झांजेवाचून अडलंच होतं आमचं."

खट्ट. खट्ट. त्या ठेक्यावर बाईंनी सूर लावला, "ए अधिक बी, कंसाचा वर्ग..." आणि ओळ सोडून दिली.

"ए वर्ग, अधिक दोन एबी, अधिक बी वर्ग!"

कुणी पुढे, कुणी नेटवर्कमुळे मागे, गावच्या गजरासारखं. त्यात मनस्वीचा आवाज सगळ्यांत खणखणीत.

मध्येच ठेका थांबला.

"बाई, आई विचारते, तुम्हाला त्रास होतोय का?"

"आईला सांग, हात थांबवू नका. अजून वजाबाकीचं सूत्र राहिलंय."

मनस्वीचा चौकोन काळाच होता. त्यातून एक बाई हसली, आणि मग पुन्हा, खट्ट.