वेदनेसह गाडी

वाळूचोरांचा पाठलाग करणाऱ्या पथकासाठी गाडी निवडायला नायब तहसीलदार सुलक्षणा आवटे शोरूममध्ये आल्या होत्या. नव्या गाड्या चालकाच्या मज्जातंतूंना जोडलेल्या असत. पत्र्याला जे लागेल ते चालकाच्या अंगाला लागे. शोरूममागच्या टेकडीवरच्या पहिल्याच फेरीत दगडाने दार चेपलं आणि सुलक्षणाबाई बरगडी धरून कळवळल्या.

"मॅडम, वेदना बंद असलेलं मॉडेल घ्या," विक्रेता इरफान म्हणाला. "दुप्पट वेगाने चढतं. शिवाय तुमच्या कदमसाहेबांचं काय झालं, माहीत आहे ना?"

बाईंना माहीत होतं. वाळूचोरांनी पथकातल्या कदमांच्या वेदना देणाऱ्या गाडीवर पहारी घातल्या होत्या. गाडीला फक्त पोचे आले. कदम आत किंचाळत मेले.

दुसऱ्या फेरीला त्यांनी वेदना बंद असलेली गाडी घेतली. झुडपं चिरडत, धोंडे उडवत गाडी माथ्यावर पोचली. अंगाला काहीच लागलं नाही. बाई चक्क हसल्या.

खाली परतल्यावर इरफान पुढच्या चाकाकडे बघून मागे सरला. चाकात एक कुत्री गुंतली होती. तिचं मागचं धड पिळून निघालं होतं, तरी ती जिवंत होती. ती चाकाखाली कधी आली हे बाईंना कळलंही नव्हतं. त्यांनी धोंडा उचलला आणि दोन घावांत तिला वेदनेतून सोडवलं.

"वेदनेसहच द्या," त्या म्हणाल्या.

"आणि ते लोक पहारी घेऊन आले तर?"

"ओरडेन."

त्यांनी ऑर्डरच्या कागदावर सही केली.