मावशींची हरकत

युनियनच्या ऑफिसात झाडलोट करणाऱ्या मावशींनी आठवड्याची सुट्टी मागितली, म्हणून युनियनच्या अध्यक्षांनी त्यांना कामावरून काढून टाकलं. मावशींनी थेट कामगार न्यायालय गाठलं.

खुर्चीत नव्या न्यायाधीशबाई होत्या. आत्ताआत्तापर्यंत त्या याच युनियनच्या वकील. कारखान्याच्या गेटवर उलट्या पिंपावर उभं राहून त्यांनी भल्याभल्या मालकांना घाम फोडला होता. त्यांना पाहताच अध्यक्षांचा जीव भांड्यात पडला.

“ताई, मावशी तर आमच्या घरच्याच. घरच्या माणसाला कसली आलीय सुट्टी?”

“इथे मी कुणाची ताई नाही,” न्यायाधीशबाई म्हणाल्या. “आणि घरच्या माणसाला कामावरून काढता येत नाही.”

मग त्या मावशींकडे वळल्या. “यांच्या बाजूने मी वर्षानुवर्षं खटले लढलेय. माझ्यावर भरवसा नसेल तर बिनधास्त सांगा. तुमची केस दुसऱ्या कोर्टात पाठवते.”

अध्यक्ष गालातल्या गालात हसले. मावशींच्या वकिलाने ‘हरकत घ्या, हरकत घ्या’ म्हणत त्यांना कोपराने ढोसलं. मावशींनी ते कोपर बाजूला सारलं आणि त्या पुढे आल्या.

“माझी काही हरकत नाही. गेटवरच्या सभेला सतरंजी मीच अंथरायचे. तुमची भाषणं ऐकूनच तर सुट्टी मागायची हिंमत झाली. तेव्हा पिंपावरून जे बोलत होतात ना, तेच आता निकालात लिहा.”